अकरा वाजताची हजेरी

वाशीम, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जानराव भाऊ,
सप्रेम जय भीम.

पाकीट पाहून दचकू नको. इथे सगळे धडधाकट आहेत. दचकायची पाळी माझी आहे.

काल बरोबर अकराला तुला फोन केला. घंटी वाजली, वाजली आणि वाजून वाजून गप्प झाली. म्हटलं, शेतात असशील. आज सकाळपासून सतरा वेळा लावला. सतरा! आमची सपना शाळेत निघता निघता म्हणाली, "आई, मामाजी उचलून नाही राह्यले तर त्या फोनचा जीव काहून घेता?" सुनेला काय कळणार माझी तगमग.

रुसला असशील तर सरळ सांग. परवा मी बोलले की शिळी भाकर आणि मिरचीचा ठेचा याला जेवण म्हणत नाहीत, ते झोंबलं का? झोंबलं तर झोंबू दे, पण फोन उचलून झोंबू दे. आपला करार विसरलास का? रंगूवहिनी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या सोयऱ्यांसमोर तुझा उत्कर्ष काय म्हणाला होता? "बाबा मेडशीत एकटे राहतील, पण रोज अकराला आत्याशी बोलतील. लागोपाठ दोन दिवस हजेरी चुकली की मी पुण्याहून गाडी घेऊन येईन, मग मी कोणाचं ऐकणार नाही." तेव्हा मान डोलावणाऱ्यांत तू पहिला होतास.

आज दुसरा दिवस. काल संध्याकाळी आठला त्याचा नेहमीप्रमाणे फोन आला, "आत्या, झालं का बोलणं बाबाशी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं ना." "काय जेवले?" "वांग्याचं भरीत." भाऊ, मी भरीत म्हणाले! कुठून सुचलं कोण जाणे.

तुला माहीत आहे, एकतीस वर्षं मानोऱ्याकडच्या तांड्यांवर अंगणवाडी चालवली, एकाही पोराची खोटी हजेरी लावली नाही. पोरगं शेंबूड पुसत दारात उभं राहिलं तरच 'ह', नाहीतर 'गै'. निवृत्त झाल्यावर उरलेल्या रजिस्टरमध्ये वर्षभर तुझं एकट्याचं नाव चालवते आहे, तेही तसंच. आणि काल तुझ्या चौकोनात मी 'ह' लावला. पेन्सिलीने लावला, पेन हातात धरवेना.

हे पत्र अकोला बसचा कंडक्टर मदनसिंग याच्या हाती देते आहे. तांड्यावर माझ्याच अंगणवाडीत होता, मला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. सव्वाबाराला मेडशीच्या स्टॉपवर चहाच्या कॅन्टीनवर ठेवेल. उद्या परतीच्या बसला उत्तर दे. आज संध्याकाळी दुसरं खोटं बोलावं लागणारच आहे, उत्तर आलं नाही तर उद्या तिसरं.

तुझी बहीण,
भागिरथा


मेडशी, ५ नोव्हेंबर

भागिरथास जय भीम.

पत्र मिळालं. मी बरा आहे.

जानराव

एवढं लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग लक्षात आलं की एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही आणि तू पुढच्याच बसने भांडायला येशील. म्हणून पाकीट उघडून पुन्हा लिहितो.

मी रुसलो नाही. फोन मेला आहे. परवा सकाळी फोनवाल्यांची दोन माणसं आली. म्हणाली, जुनी काळी तार काढून टाकायची, आता सगळीकडे फायबर. मी म्हटलं, माझी काळी तार चांगली चालते. तर म्हणे, "काका, तांब्याची तार इतिहासजमा झाली." त्यांनी काळी तार कापली, गुंडाळी करून गाडीत टाकली आणि खांबापासून घरापर्यंत एक पिवळा दोरा लोंबवला. पतंगाचा मांजा तरी जाड असतो. भिंतीला पांढरा डबा ठोकला. त्यात एक लाल दिवा लुकलुकतो. मग त्यांना सही हवी होती. कागदावर पाहून म्हणाले, "रंगूबाई कोण? त्यांना बोलवा." फोन तिच्या नावावर आहे. मी म्हटलं, त्या आता येऊ शकत नाहीत, मी करतो सही. मग त्या पोरांनी कागद माझ्यापुढे केला आणि चहा घेऊन ती गेली. जाताना म्हणाली, दोन दिवसांत फोन चालू होईल, मोबाइलवर मेसेज येईल. कोणाच्या मोबाइलवर येईल ते त्यांनी सांगितलं नाही. माझा मोबाइल गेल्या पोळ्यापासून विहिरीत आहे.

तुला ऐकू आलेली घंटी या घरात वाजलीच नाही. तू सतरा वेळा कोणाच्या घरात घंटी वाजवलीस ते तूच शोध.

उत्कर्षला यातलं काही सांगू नको. त्याला निमित्तच हवं आहे. पुण्याला त्याच्या सातव्या मजल्यावर मी करू काय? खाली पाहिलं की गरगरतं, वर पाहिलं की आठवा मजला. इथे तुरीला फुलोरा आला आहे, हरभरा उगवून वर आला आहे. मी कुठे जात नाही.

शेजारच्या गोजराबाईचा मोबाइल वापर, असं तू म्हणशील. ती गावाचा भोंगा आहे आणि तिच्याकडे उत्कर्षचा नंबर आहे. तिला सांगणं म्हणजे त्याला सांगणं.

दोन दिवसांचा प्रश्न आहे. 'ह' लावत जा.

जानराव


वाशीम, ८ नोव्हेंबर

प्रिय भाऊ,
सप्रेम जय भीम.

दोन दिवस होऊन गेले, आज सहावा. रोज अकराला मी सवयीने फोन लावते आणि ती कुठलीतरी घंटी ऐकत बसते. सपना म्हणते, "आई, लागत नाही हे ठाऊक असून कायले लावता?" मी म्हटलं, बाई, अंगणवाडीत पोरं नसली तरी दार उघडावं लागतं.

'ह' लावत जा, हे लिहायला सोपं आहे. उत्कर्ष काही तुझ्यासारखा 'बराय' म्हणून फोन ठेवणारा नाही. तो खोदून खोदून विचारतो. आता मी काय काय सांगितलं ते नीट वाचून ठेव. उद्या तो समोर उभा राहिला तर दोघांची साक्ष जुळली पाहिजे. भरिताचं तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी तू तुरीला चक्कर मारून आलास आणि पीक खाणाऱ्या रोह्यांच्या नावाने बोटं मोडलीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी विहारात गेलास. परवा सहा तारखेला मात्र माझं डोकंच चालेना. खाणं झालं, शेत झालं, आता काय सांगू? तो म्हणाला, "अजून काय म्हणाले बाबा?" मी म्हणून टाकलं, "तुझंच विचारत होते. पोरगा वेळेवर जेवतो की नाही म्हणत होते."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, इकडचाही फोन गेला. मग म्हणाला, "बरं आत्या, ठेवतो."

काल पुन्हा विचारलं, "आज काही म्हणाले का?" मी म्हटलं, "हो, पुण्याला थंडी सुरू झाली असेल, स्वेटर घालत जा म्हणाले." भाऊ, खोटं बोलायला लागलं की गाडी उताराला लागते. तेव्हा तू काहीतरी खरं लिहून पाठव, म्हणजे मला पाप कमी लागेल.

मदनसिंगला मी लाडू दिले आहेत, दोन तुझ्यासाठी. त्याने चार खाल्ले तर मला कळव.

भागिरथा


मेडशी, १० नोव्हेंबर

भागिरथास जय भीम.

मी बरा आहे. लाडू एक मिळाला.

फोनवाल्यांचा माणूस आज आला होता. भागवत नाव आहे. डब्याकडे पाहिलं, डबा बंद केला, डबा चालू केला, पुन्हा डब्याकडे पाहिलं. म्हणाला, "काका, फॉल्ट पुढं आहे." मी विचारलं पुढं म्हणजे कुठं, तर त्याने तालुक्याच्या मालेगावच्या दिशेला हात केला. दोन दिवस लागतील म्हणे. यांच्या पंचांगात दुसरा आकडाच नाही. शिवाय आता कळलं की या डब्याला लाइट लागते. आमच्याकडे लाइट कधी असते ते तुला ठाऊक आहे. जुना फोन बिचारा लाइट मागत नव्हता, काही मागत नव्हता.

आता तुझ्याबद्दल. भरीत ठीक आहे. रोही ठीक आहेत, त्यांच्या नावाने मी खरंच बोटं मोडतो. पण 'जेवतो की नाही' हे मी कधी विचारलं? स्वेटरचं मी कधी बोललो? उत्कर्ष चौतीस वर्षांचा आहे, भूक लागली की जेवतो, थंडी वाजली की अंगात घालतो. त्यात विचारायचं काय? ते विचारायचं काम रंगूचं होतं. ती फोनवर त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलायची, मी बाजूला बसायचो. शेवटी ती रिसीव्हर माझ्याकडे द्यायची, मी 'बराय, ठेव' म्हणायचो. तेवढं आम्हा दोघांना पुरायचं.

तुझी खोटी हजेरी मी चालवून घेतो. माझ्या नावावर खोटी माया खपवू नको.

जानराव


वाशीम, १३ नोव्हेंबर

भाऊ,
जय भीम.

'प्रिय' मुद्दाम लिहिलं नाही, राग आला आहे म्हणून.

खोटी माया म्हणे! अरे, सकाळी थंडी पडली की तू रेडिओवर पुण्याचं तापमान ऐकतोस की नाही? मागच्या वर्षी मी तुझ्याकडे होते तेव्हा मी शिंकले तर 'चूप' म्हणालास, कारण पुण्याचा आकडा हुकला. त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत अशी बातमी आली तेव्हा तीन दिवस तुझा घास उतरत नव्हता, आणि त्याचा फोन आल्यावर तू काय बोललास? "बराय, ठेव." तुझ्या पोटात असलेलंच मी ओठांनी सांगते. तुझे ओठ शिवलेले आहेत तर माझे वापरते, यात खोटं काय?

आणि ऐक, तो रोज विचारतो. आधी तो विचारायचा, काय जेवले, गोळी घेतली का. आता पहिलं वाक्य असतं, "काय म्हणाले बाबा?" काल मी थकले होते, म्हटलं, आज काही विशेष नाही बोलले. तर 'बरं' म्हणाला तो असा की मला माझीच लाज वाटली. लगेच म्हटलं, "हां, विसरलेच, तुझ्या लहानपणीच्या सायकलचं बोलत होते." भाऊ, सायकलचा रंग कोणता होता? लवकर कळव, तो विचारेल.

दहा दिवसांचे दहा 'ह' पेन्सिलीने लावलेत. रजिस्टर उघडलं की ती ओळ फिकट दिसते. माझी नोकरी असती तर सुपरवायझर बाईंनी मला निलंबित केलं असतं आणि मी स्वतः त्यांना पेन दिलं असतं.

भागिरथा


मेडशी, १८ नोव्हेंबर

प्रिय बहीण भागिरथा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळून फार आनंद झाला. उत्तराला चार दिवस उशीर झाला त्याबद्दल राग मानू नको. मी अगदी ठणठणीत आहे. हवा छान पडली आहे. सकाळी ओट्यावर उन्हात बसतो, फार मजा येते. तुझ्या घरच्या सपना, प्रसेनजित, साक्षी सगळ्यांना आशीर्वाद.

सायकल हिरवी होती.

फोनबद्दल सांगायचं तर परवा रविवारी वानरांची टोळी आली. त्यांनी पिवळ्या दोऱ्यावर झोके घेतले. दोरा खांबाजवळ सुटून कडुलिंबाच्या फांदीत अडकला. भागवत म्हणतो, आता नवीन दोरा टाकावा लागेल, दोन दिवस. तो दोरा लिंबावरून काढायला कोणीतरी चढलं होतं म्हणतात, पण त्याचं विशेष काही नाही.

गोजराबाई हल्ली डबा आणून देते, माणूस चांगला आहे. तब्येतीची काळजी घे. थंडीत बाहेर निघू नको. इकडे तर मुळीच येऊ नको, बसला फार गर्दी असते.

तुझा भाऊ,
जानराव


वाशीम, २० नोव्हेंबर

जानराव भाऊ,

पाय आहे की हात?

मी एकतीस वर्षं पोरांची तोंडं पाहून सांगत आले की कोणाच्या पोटात दुखतं आणि कोणी कोणाची खिचडी सांडली. तू मला काय फसवतोस? तू जन्मात 'मी बरा आहे' याच्या पुढे गेला नाहीस. वहिनी गेली तेव्हाही तू मला 'मी बरा आहे' असंच कळवलं होतंस. आणि आता 'अगदी ठणठणीत'? 'फार आनंद झाला'? तिथेच मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सकाळी ओट्यावर बसतोस! हरभरा वर आलेला असताना जानराव ओट्यावर बसतो! गोजराबाई डबा देते! दोन दिवाळ्या झाल्या, बांधाच्या भांडणापायी ती तुझ्याशी बोलत नव्हती. आणि मदनसिंगला मी धरून विचारलं. तो म्हणाला, "बाई, मामाजी स्टॉपवर आलेच नाही. गोजराबाई आल्या होत्या पत्र घेऊन. मले म्हणे, काही सांगू नको." म्हणजे सांगण्यासारखं आहे.

लिंबावर चढणारा 'कोणीतरी' बहात्तर वर्षांचा आहे, हे मला पत्र न उघडताच कळलं असतं.

आज संध्याकाळी उत्कर्षने विचारलं, "काय म्हणाले बाबा?" मी म्हटलं, घसा बसला आहे रे माझा, उद्या सांगते. आता माझ्याच्याने होत नाही, भाऊ. तू पडला असशील आणि मी इथे बसून तुझ्या नावापुढे 'ह' काढते आहे. पोरगं दारात उभं आहे की नाही हे न पाहता. उद्याच्या दिवसाचा तेवढा लावेन.

परवा शनिवारी अकोला बसने येते. बसला गर्दी असू दे, मी मदनसिंगच्या सीटवर बसेन. रजिस्टर सोबत आणते. दारात उभा राहा. उभं राहता येत नसेल तर बसून राहा, पण दिसशील असा.

भागिरथा


पुणे, २३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तू मेडशीला गेल्याचं सपनावहिनीने सांगितलं. गोजराकाकूंच्या मोबाइलवर तुझ्याशी बोलता आलं असतं. पण बोलायला गेलं की आपल्या घरातले पुरुष 'बराय' म्हणून फोन ठेवतात, आणि मी त्यांच्यातलाच आहे. म्हणून लिहितो.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. बाबांचा फोन बंद आहे हे मला तीन नोव्हेंबरलाच कळलं होतं. फोन आईच्या नावावर आहे, पण बिल मी इथून भरतो. त्यामुळे फोनवाल्यांचे सगळे मेसेज माझ्या मोबाइलवर येतात. 'आपली सेवा फायबरवर नेण्यासाठी तात्पुरती बंद आहे.' मग 'आपली तक्रार नोंदवली आहे.' मग 'आपली तक्रार सोडवली आहे', आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आपली तक्रार नोंदवली आहे'. तू मला भरीत सांगितलंस त्याच्या आधी दोन तास मला मेसेज आलेला होता.

लगेच गोजराकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुया बाप एकदम कडक आहे. आताच मायाकडं पाहून तोंड वाकडं करून शेताच्या धुऱ्यावरून तरातरा गेला. तू कायले घाबरून राह्यला?" मग जीव भांड्यात पडला. त्या रोज सकाळी मला कळवायच्या. तरीही मी रजा टाकली, बॅग भरली. सात तारखेला पहाटे निघून बाबांना घेऊन यायचं ठरलं होतं. करार तो करार.

सहा तारखेला तू म्हणालीस की बाबा विचारत होते, पोरगा वेळेवर जेवतो की नाही.

आत्या, मला माहीत होतं की हे खोटं आहे. फोन बंद होता आणि तसंही बाबांनी हे मला कधी विचारलेलं नाही. आई गेल्यापासून कोणीच विचारलं नव्हतं. मी बॅग बाजूला ठेवली, उठलो आणि जेवलो. त्या दिवशी खरंच जेवलो नव्हतो. तुला कसं कळलं?

मग मी गेलोच नाही. मेडशीला गेलो असतो तर दुसऱ्या दिवसापासून तुझ्या बातम्या बंद झाल्या असत्या. रोज आठ वाजायची वाट बघायचो. कपाटातून स्वेटर काढला. सायकलीचं सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या दोघांना हिरव्या सायकलीची गोष्ट सांगितली. माझे बाबा रोज माझ्याबद्दल काहीतरी बोलतात, असं समजून मी दहा दिवस काढले. फार बरे गेले.

मग सोळा तारखेला गोजराकाकूंचा फोन आला की बाबा लिंबावरून पडले. त्यांनीच मालेगावला नेऊन दाखवलं, मुका मार आहे, हाड शाबूत आहे, तीन आठवडे पाय टेकायचा नाही. मी निघतो म्हणालो तर बाबांनी काकूंना सांगितलं होतं, "उत्कर्षले सांगशील तर आपलं बोलणं बंद." काकू म्हणाल्या, "आधीच दोन वर्सं बंद होतं, आता कुठं सुरू झालं. तू येऊ नको बाप्पा, मी पाहून राह्यली." मी त्यांचं ऐकलं आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. तुला त्या दिवसांत खोटं बोलायला लावलं याची लाज वाटते. तुझ्या आवाजावरून कळत होतं की तुला काही माहीत नाही.

आता माझं ठरलं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेऊन येतो आहे. बाबांना न्यायला नाही, आठ दिवस तिथे राहायला. त्यांना मेडशीहून हलवायचं मी यापुढे बोलणार नाही. ते स्वतः म्हणाले तरच. लिंबावर चढणार नाही एवढं वचन मात्र तू त्यांच्याकडून घे.

आणि आत्या, एक सांग. एवढ्या दिवसांत बाबा माझ्याबद्दल खरंच काही म्हणाले होते का? एखादा शब्द तरी? नसेल तरी चालेल.

तुझा,
उत्कर्ष


मेडशी, २९ नोव्हेंबर

भाऊ,

तू आत झोपला आहेस आणि माझी बस अकरा पन्नासची आहे. उठवलं तर तू 'बराय, जा' म्हणशील, म्हणून चिठ्ठी लिहून जाते.

हे आठ दिवस मी तुझी हजेरी शाईने लावली, डोळ्यांनी पाहून. पाय जमिनीला टेकायचा नाही. गोजराबाईने दिलेला डबा निमूटपणे खायचा, मीठ कमी म्हणायचं नाही. भागवतला मी आज सकाळी चहा पाजून विचारलं, तुझी अंगणवाडी कुठली? मानोऱ्याचीच निघाली! माझी नाही, शेजारच्या तांड्यावरची, पण तेवढं पुरे झालं. मी सांगितलं, "उद्या दहा वाजता दोरा जोडला नाही तर मी तुझ्या मायले जाऊन सांगन." येईल तो.

उत्कर्षचं पत्र परवा आलं. माझ्या नावाने आहे, पण ते तुझं आहे. तुझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आहे. आधी चष्मा घाल, मग पत्र, म्हणजे चष्मा सापडला नाही अशी सबब राहणार नाही. शेवटी त्याने एक प्रश्न विचारला आहे. तो मला विचारला आहे, पण उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या नावाने खोटं बोलायचं मी बंद केलं आहे. फोन लागला तर तू जाण आणि तुझे ओठ जाणोत.

भागिरथा


मेडशी, ३० नोव्हेंबर

भागिरथास जय भीम.

मी बरा आहे.

फोन चालू झाला. हे तुला अकराच्या फोनवर कळलंच आहे. पण अकराच्या आधीचं मी फोनवर सांगितलं नाही, मला सांगता आलं नसतं. म्हणून लिहितो. मदनसिंगला सांग, हे शेवटचं पत्र. त्याला लाडू देऊ नको, मागचा हिशेब बाकी आहे.

भागवत दहाला आला. घाबरलेला होता. साडेदहाला डब्यावर हिरवा दिवा लागला. तो म्हणाला, काका, एक फोन लावून पाहा. मी म्हटलं, तू जा, मी पाहतो.

पत्र मी काल वाचलं. दोनदा वाचलं. रात्रभर म्हणशील तर खोटं, झोप लागली, पण मध्ये दोनदा जाग आली. रंगू असती तर तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला असता. आता रिसीव्हर मलाच उचलावा लागणार, हे मला एक वर्ष कळत नव्हतं.

पावणेअकराला पुण्याला लावला. त्याने उचलला. "बाबा? काय झालं?" मी पहिल्यांदा फोन केला ना, म्हणून घाबरला. मी म्हटलं, काही झालं नाही. 'बराय, ठेव' तोंडात आलं होतं, खोटं कशाला सांगू. ते गिळलं. मग विचारलं, "जेवला का रे तू?"

पलीकडून काही आवाज नाही. मी हॅलो हॅलो केलं. मला वाटलं, गेला पुन्हा. वानरं आली असतील म्हणून मान वळवून खांबाकडे पाहिलं. वानरं नव्हती. डब्याकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता.

मग तो म्हणाला, "जेवतो बाबा. आता जेवतो."

तुझ्या रजिस्टरातले ते पेन्सिलीचे 'ह' शाईने गिरवून टाक.

जानराव